फेनिटॉइन: जुनं, स्वस्त, कामाचं, पण मापाच्या बाबतीत फार कडक

फिटची गोळी म्हटलं की महाराष्ट्रात आजही पुष्कळ घरांत एप्टॉइनचं नाव निघतं. त्या गोळीतलं औषध म्हणजे फेनिटॉइन. डायलँटिन कॅप्सूलमध्ये तेच असतं, सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी केंद्रात मिळणाऱ्या साध्या नावाच्या गोळीतही तेच. १९०८ साली जर्मनीत हाइनरिख बिल्ट्झ यांनी ते तयार केलं आणि पुढची तीस वर्षं त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १९३८ मध्ये बोस्टनच्या ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी दाखवून दिलं की हे औषध गुंगी न आणता फिट रोखतं. त्याआधी हाताशी होती ती ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटोन, आणि दोन्हींवर माणूस दिवसभर पेंगत असे. कामधंदा सांभाळून उपचार घेता येणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. योग्य प्रकारच्या फिट असतील, डोस नीट बसवलेला असेल आणि अधूनमधून तपासणी होत असेल, तर फेनिटॉइन आजही भरवशाचं आहे, आणि खिशाला परवडणाऱ्या औषधांत त्याचा नंबर वरचा आहे. मात्र ‘फिट थांबत नाही ना, मग एक गोळी वाढवा’ असा व्यवहार या औषधाशी चालत नाही. त्याचे बहुतेक वाईट अनुभव तिथूनच सुरू होतात.

कोणत्या फिटला चालतं, कोणत्या फिटला नाही

मेंदूतल्या पेशी एकामागून एक वेगाने पेटत जातात तेव्हा त्यांच्यातली सोडियमची दारं पुन्हापुन्हा उघडतात. फेनिटॉइन ही दारं बंद अवस्थेत धरून ठेवतं. जी पेशी जास्त धडधडते तिच्यावर परिणाम जास्त, त्यामुळे रोजचं काम फारसं न बिघडवता फिट दबते. एका बाजूच्या हाताला किंवा चेहऱ्याला झटके येऊन सुरू होणारी फिट, काही क्षण भान हरपून तोंड चघळल्यासारखं करणारी फिट, आणि सगळं अंग ताठ होऊन मग झटके येणारी मोठी फिट, या तिन्हींत त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ होऊन येणाऱ्या फिट बऱ्याच दिसतात. त्या एका जागेवरून उठणाऱ्या असल्याने त्यांतही ते दिलं जातं.

उलट, वर्गात बसलेलं मूल दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतं आणि मग काही झालंच नाही असं पुढे लिहायला लागतं, त्या प्रकारात फेनिटॉइन निरुपयोगी आहे, कधीकधी त्रास वाढवणारं. सकाळी उठल्यावर हातांना झटका बसून चहाचा कप सांडणं, हा कुमारवयातल्या मायोक्लोनिक अपस्माराचा खास प्रकार. तिथेही हे औषध झटके वाढवू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना फक्त ‘फिट येते’ एवढंच सांगू नका. मोबाइलवर काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ निदान बदलू शकतो. ताप चढल्यावर लहान मुलांना येणाऱ्या फिट आणि दारू अचानक सोडल्यावर येणाऱ्या फिट यांतही फेनिटॉइनचा फायदा नाही. डोक्याला मोठा मार लागल्यावर पहिल्या सात दिवसांतल्या फिट ते कमी करतं, पण पुढे महिनोन्‌महिने ‘खबरदारी म्हणून’ चालू ठेवल्याने नंतरचा अपस्मार टळत नाही. अशा गोळ्या कितीतरी जण वर्षानुवर्षं घेत राहतात, कारण त्या कधी बंद करायच्या ते कुणी लिहूनच दिलेलं नसतं. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख मागून घ्या.

डोस: इथे गणित सरळ नाही

प्रौढांचा नेहमीचा डोस दिवसाला साधारण ३०० मिग्रॅ, म्हणजे वजनाच्या दर किलोला ४ ते ५ मिग्रॅ. मुलांत दर किलोला ५ मिग्रॅपासून सुरुवात होते आणि तो डोस दोन वेळांत विभागतात. ज्येष्ठांत आणि लिव्हरच्या आजारात कमी. प्रौढांना कधी रात्री एकत्र, कधी सकाळ-रात्र असं दिलं जातं. कोणतं वेळापत्रक हे गोळी साधी आहे की हळू विरघळणारी, यावरही ठरतं. हळू विरघळणारी गोळी फोडायची किंवा कुटायची नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तातलं प्रमाणही साधारण दुप्पट होतं. फेनिटॉइन लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने मोडतं त्याची ताकद मर्यादित आहे आणि नेहमीच्या डोसलाच ती संपत आलेली असते. पिठाच्या गिरणीवर दिवसाचं ठरावीक दळणच निघतं, त्याहून जास्त डबे आले की ते दाराशी साचत जातात, तसं हे. सरासरी माणसाची पुस्तकी मापं घेऊन हिशेब केला तर ६० किलोच्या माणसात ३०० मिग्रॅवर रक्तातली पातळी दर मिलीला साधारण ८ मायक्रोग्रॅम येते. ३५० केलं की १३. ४०० केलं की २८. शेवटच्या ५० मिग्रॅमध्ये पातळी दुपटीहून वर गेली. उपयोगी पट्टा १० ते २० चा, म्हणजे ३५० वर माणूस छान आणि ४०० वर लडखडत. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण वळण हेच राहतं.

म्हणून डोस वाढवताना पातळी बघूनच पाऊल टाकतात. ७ च्या खाली असेल तर १०० मिग्रॅ वाढवायला हरकत नसते, ७ ते १२ मध्ये ५० मिग्रॅ, आणि १२ च्या वर गेल्यावर ३० मिग्रॅ किंवा त्याहून कमी. भारतात १०० मिग्रॅहून कमी ताकदीच्या गोळ्याही मिळतात, त्यांचा उपयोग इथेच. शंभराच्या गोळीचे विळीवर केलेले ओबडधोबड तुकडे या कामाला पुरत नाहीत. दुसरी गोष्ट धीराची. डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला आठ-दहा दिवस लागतात, वरच्या डोसवर दोन-तीन आठवडेसुद्धा. तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून पुन्हा वाढवलं की पंधराव्या दिवशी दोन्ही वाढींचा हिशेब एकदम पुढ्यात येतो.

पातळीची तपासणी आणि त्यातली फसगत

रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यावं, आणि फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहावं. गोळी घेऊन दोन तासांनी दिलेल्या रक्ताचा आकडा वाचताना गोंधळच होतो.

फेनिटॉइनचा नव्वद टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. काम करतो तो उरलेला मोकळा भाग. अशक्त, लिव्हर किंवा किडनीचा आजार असलेला, नुकताच आयसीयूतून आलेला रुग्ण असेल तर अल्ब्युमिन कमी आणि मोकळा भाग जास्त. प्रयोगशाळा मात्र सहसा एकूण आकडा देते. समजा एकूण पातळी १२ आली, बघणारा म्हणेल उत्तम. पण अल्ब्युमिन (डेसिलीटरला ग्रॅममध्ये) २ असेल तर १२ ला (०.२ गुणिले २ अधिक ०.१) म्हणजे ०.५ ने भागायचं, खरा आकडा येतो २४. हा माणूस विषबाधेत आहे आणि कागदावर तो नॉर्मल आहे. किडनी फारच बिघडलेली असेल तर हे सूत्रही बदलतं. त्यामुळे फेनिटॉइनच्या पातळीबरोबर अल्ब्युमिन मागवणं हा नियमच धरावा.

जास्त झालं हे घरी कसं ओळखायचं

रुग्णासमोर हातभर अंतरावर बोट धरा आणि ते सावकाश उजवीकडे न्या, मग डावीकडे. डोकं हलू द्यायचं नाही, फक्त डोळे बोटामागे जाऊ द्यायचे. पातळी साधारण २० च्या वर गेली की बुबुळं कडेला पोहोचल्यावर तिथे ठरत नाहीत. हळू मध्याकडे सरकतात, मग झटक्याने परत कडेला, पुन्हा सरकतात. ३० च्या आसपास चाल बिघडते: पाय फाकवून चालणं, वळताना भिंत धरणं, कुलपात किल्ली न लागणं, बोलणं जड होणं. ४० च्या पुढे झोप आवरत नाही, गोंधळ होतो. काहींना कमी आकड्यावरही त्रास होतो, म्हणून आकड्यापेक्षा माणूस पाहावा.

हे दारू प्यायल्यासारखं दिसतं आणि घरचे तसा संशयही घेतात. त्याहून धोक्याचं म्हणजे पातळी फार चढली तर फिटच वाढू शकतात. अशा वेळी डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल. चाल बिघडलेली असताना फिट वाढल्या, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि पातळी तपासून घ्या.

हिरड्या, हाडं, त्वचा

दीर्घकाळच्या दुष्परिणामांत सर्वांत नजरेत भरणारा म्हणजे हिरड्या वाढणं. सुरुवात बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. समोरच्या दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी कोपरा आधी फुगतो, गुलाबी आणि टणक होतो, मग शेजारचे कोपरे येऊन मिळतात आणि हिरडी दाताच्या अंगावर चढायला लागते. मुलांत आणि तरुणांत जास्त. दातांवरचा थर जितका जास्त तितकी वाढ जास्त, त्यामुळे दोन वेळा नीट ब्रश आणि सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे दात साफ करून घेणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. औषध सुरू होण्याआधी एकदा दात दाखवून घ्यावेत. खूप वाढलेली हिरडी दंतवैद्य कापून काढतात, पण औषध तेच राहिलं तर ती परत येऊ शकते.

चेहऱ्यावर आणि हातापायांवर लव वाढणं, मुरुमं येणं, चेहरा जाडसर दिसायला लागणं हेही होतं. तरुण मुलींना सुरुवातीलाच दुसरं औषध द्यावं असं आम्हाला वाटतं. ‘दिसण्याचा प्रश्न आहे’ म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही, त्यापायी गोळ्या गुपचूप बंद केल्या जातात.

फेनिटॉइन ड जीवनसत्त्व लवकर मोडायला लावतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हाडं ठिसूळ होतात, आणि फिटमध्ये पडल्यावर तीच मोडतात. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून पूरक घ्यावं. फोलिक अ‍ॅसिड कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो, पण फोलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस मनानेच सुरू केला तर फेनिटॉइनची पातळी खाली येते. विचारून घ्या.

अंगावर उठणारं पुरळ मात्र थांबून बघण्याची गोष्ट नाही. ते बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येतं. नुसते लाल ठिपके असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, त्वचा सोलवटणं, गळ्यात गाठी, चेहऱ्यावर सूज, कावीळ यांपैकी काही असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा. हा प्रकार जिवावर बेततो. एकदा असं झालेल्याला फेनिटॉइन पुन्हा द्यायचं नाही, आणि कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही फिटची दुसरी औषधंही टाळायची, कारण तीच अ‍ॅलर्जी त्यांच्याशीही उठू शकते. औषधाचं नाव कागदावर लिहून तो पाकिटात ठेवा.

दुसऱ्या औषधांशी भांडण

लिव्हरची औषध मोडणारी यंत्रणा फेनिटॉइन जोरात कामाला लावतं, त्यामुळे शेजारच्या अनेक औषधांचा असर उतरतो. गर्भनिरोधक गोळ्या बेभरवशाच्या होतात, ‘७२ तासांची’ तातडीची गोळीसुद्धा. कॉपर-टीला काही होत नाही. टेपवर्मच्या गाठीवर दिलेलं अल्बेंडाझोल आणि सूज उतरवायला दिलेलं स्टेरॉइड, दोन्ही रक्तात कमी पडतात. या रुग्णांत लेव्हेटिरासिटाम हे फिटचं नवं औषध अधिक सोयीचं, त्याचं एक कारण हे. एचआयव्हीच्या उपचारातल्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर फेनिटॉइन टाळतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) दोन्ही दिशांना हलू शकतो.

क्षयाच्या उपचारात गुंता आणखी वाढतो. आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवतं, रिफाम्पिसिन उतरवतं. एका माणसात कोण जिंकेल ते आधी सांगता येत नाही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत आणि कोर्स संपल्यावर पुन्हा, असं दोनदा रक्त तपासायलाच हवं. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल पातळी चढवतं, आणि गजकर्णासाठी ते आपल्याकडे मेडिकलमधून सहज उचललं जातं. अ‍ॅसिडिटीची पातळ औषधं आणि पोटातल्या व्रणावरचं सुक्राल्फेट घ्यायचीच असतील तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. नाकातल्या नळीने दूध-पेज चालू असलेल्या रुग्णात औषध अन्नाबरोबर नीट शोषलं जात नाही, म्हणून डोसच्या आधी आणि नंतर एक-दोन तास नळीचं अन्न थांबवतात आणि नळी पाण्याने धुतात.

सिरप आणि कंपनी बदलण्याचा प्रश्न

मुलांचं सिरप हे पाण्यात तरंगणारं औषध आहे, विरघळलेलं नाही. बाटली उभी राहिली की ते तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर महिन्याच्या सुरुवातीला मुलाला पाणचट भाग जातो आणि फिट येतात, शेवटी तळातला दाट भाग जातो आणि मूल लडखडतं. तळाला चिकटलेला पांढरा थर पूर्ण सुटेपर्यंत बाटली उलटी-सुलटी जोरात हलवायची, मग लगेच मापायचं. चहाच्या चमच्यात मापू नका, सुई काढलेली सिरिंज सर्वांत बरी. ताकद वाचा: नेहमीचं सिरप ५ मिलीत ३० मिग्रॅचं, पण ५ मिलीत १२५ मिग्रॅचंही असतं. बाटली बदलली आणि ‘एक चमचा’ तसाच राहिला तर डोस चौपट होतो. गोळीवरून सिरपवर जातानाही फरक पडतो. १०० मिग्रॅच्या सोडियमयुक्त गोळीत खरं फेनिटॉइन ९२ मिग्रॅ, सिरपमध्ये मात्र लिहिलं तेवढंच.

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं नुसतं भरणद्रव्य बदललं गेलं, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज. डोस तोच असूनही पातळी चढली आणि अनेक रुग्णांना विषबाधा झाली. स्वस्त जेनेरिक घ्यायला आमची अजिबात ना नाही, उलट वर्षानुवर्षांच्या उपचारात ते मोठाच आधार असतं. पण एक कंपनी धरली की तीच ठेवा. केमिस्टने ‘कंटेंट सेम आहे’ म्हणून दुसरी दिली आणि पर्यायच नसेल, तर डॉक्टरांना कळवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पातळी बघा. घरात आठ-दहा दिवसांचा साठा कायम असू द्या. मेडिकल बंद होतं म्हणून दोन दिवस राहिलेली गोळी हे फिट उसळण्याचं नेहमीचं कारण आहे.

इंजेक्शन

फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर आधी लोराझेपाम किंवा मिडाझोलाम (फिट तातडीने रोखणारी औषधं), आणि त्यामागून फेनिटॉइन. डोस किलोला २० मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला १२०० मिग्रॅ, म्हणजे १०० मिग्रॅच्या बारा अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या). दोन अँप्यूल देऊन ‘एप्टॉइन दिलं’ अशी नोंद झाली, तर तो उपचार झालाच नाही. वेग मिनिटाला ५० मिग्रॅहून जास्त नको, वयस्करांत त्याच्या निम्मा. बारा अँप्यूलना किमान २४ मिनिटं लागणारच. घाई केली की रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून मॉनिटर हवाच. मिसळायचं फक्त नॉर्मल सलाइनमध्ये. ग्लुकोजच्या बाटलीत त्याचे स्फटिक होतात. द्रव इतका तीव्र अल्कधर्मी असतो की शिरेबाहेर गेला तर हात जांभळा पडून सुजतो, त्वचा मरू शकते. मोठी शीर, आधी सलाइन, नंतर सलाइन. स्नायूत द्यायचं नाही. फॉसफेनिटॉइन (शरीरात गेल्यावर फेनिटॉइन बनणारं इंजेक्शन) महाग पडतं, पण ते जलद देता येतं आणि शिरेला सौम्य आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फॉसफेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम या तिघांनी सारखीच, जवळजवळ निम्म्या रुग्णांत, फिट थांबवली. मॉनिटरची सोय नसलेल्या छोट्या रुग्णालयात लेव्हेटिरासिटाम हाताळायला सोपं.

कुणी घ्यावं, कुणी बदलून मागावं

वर्षानुवर्षं फेनिटॉइनवर फिट पूर्ण बंद आहेत, चाल ठीक, हिरड्या ठीक, हाडांची काळजी घेतली जाते, अशा माणसाने ‘जुनं औषध आहे’ म्हणून बदलू नये. नव्याने सुरू करताना मात्र परवडत असेल तर बहुतेकांसाठी लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन आधी विचारात घ्यावं. लेव्हेटिरासिटाममुळे चिडचिड वाढू शकते, लॅमोट्रिजिन चढवायला आठवडे लागतात, पण दोन्हींत पातळीचा हा खेळ नाही. मूल हवं असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. फेनिटॉइनने बाळात व्यंगाचा धोका वाढतो आणि गर्भारपणात त्याची पातळी घसरते. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळ्या बंद करणं हा त्याहून मोठा धोका.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही, वेळ तीच ठेवायची. जागरणाने फिट येते, तेव्हा कोजागिरी असो की लग्नघर, रात्रीची गोळी आणि झोप दोन्ही सांभाळा. एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. बंद करायचं ठरलं, साधारण दोन वर्षं फिटशिवाय गेल्यावर, तरी ते डॉक्टरांच्या लेखी वेळापत्रकाने, थोडं-थोडं करत, महिन्यांच्या हिशेबाने उतरवायचं. एकदम सोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि मग पाळी येते ती त्या बारा अँप्यूलची.